ठिणगीची वेळ कुणी हलवली?



जुनी पद्मिनी घाट चढत नाही अशी तक्रार घेऊन माणूस गॅरेजमध्ये गेला की पुढे काय होतं, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेलं असेल. मिस्त्री बॉनेट उघडतो, इंजिन चालू ठेवतो, डिस्ट्रिब्यूटरचा, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचा, क्लॅम्प सैल करतो आणि डिस्ट्रिब्यूटर हाताने थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवून पाहतो. इंजिनाचा आवाज बदलतो. ज्या जागी ते सगळ्यात जोमाने फिरतं तिथे तो क्लॅम्प आवळतो आणि ‘टायमिंग करून दिलंय’ म्हणतो. गाडी काही दिवस बरी चालतेही. मग तक्रार परत येते, आणि बहुतेक वेळा येताना दुसरी एखादी सोबत घेऊन येते.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. टायमिंग आपण होऊन बिघडत नाही. इंजिनातला कुठला तरी भाग झिजतो, गंजतो, ढिला होतो किंवा अडकतो, आणि त्यामुळे ठिणगीची वेळ हलते. डिस्ट्रिब्यूटर फिरवून आपण ती वेळ एका जागी पुन्हा जुळवतो, पण ती कुणी हलवली हा प्रश्न तसाच राहतो. निदान म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधणं.

उदाहरणाला मी पद्मिनी घेतो, कारण ती आपल्या घरची गाडी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ आणि सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद सुमारे चाळीस अश्वशक्ती. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण खासगी पद्मिनी अजून आहेत, पुण्यात, सांगलीत, पणजीत, कुणाच्या वडिलांची, कुणाच्या आजोबांची. ज्यांनी त्या टॅक्सी चाळीस वर्षं धावत्या ठेवल्या ते मिस्त्री मात्र आता वयस्क झाले आहेत आणि त्यांच्या हातातलं ज्ञान फारसं कुठे लिहिलेलं नाही. याची मला खरोखर काळजी वाटते.

आधी ठिणगी पडते कधी ते पाहू. पिस्टन वर येतो, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो, आणि तो अगदी वर, म्हणजे ‘टॉप’ला पोचण्याच्या थोडं आधीच ठिणगी पडते. आधी का? कारण मिश्रण एका क्षणात पेटत नाही. ज्योत प्लगपासून निघून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत जायला वेळ घेते. ढोबळ मानाने तो दोन मिलिसेकंद धरा. पिस्टन टॉप ओलांडून खाली निघाला, क्रँक साधारण पंधरा अंश पुढे गेला, की त्या वेळी दाब सर्वांत जास्त हवा. तिथे त्याचा रेटा सर्वांत उपयोगी पडतो.

आता हिशेब करा. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर दोन मिलिसेकंदांत क्रँक जेमतेम दहा अंश फिरतो. तेच इंजिन ३००० फेऱ्यांवर गेलं की तेवढ्याच वेळात क्रँक छत्तीस अंश फिरलेला असतो. प्रत्यक्षात वेग वाढला की सिलिंडरमधली खळबळ वाढते आणि ज्योतही जलद धावते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पण दिशा तीच. वेग वाढेल तशी ठिणगी अधिक आधी पडली पाहिजे. यालाच अ‍ॅडव्हान्स म्हणतात. म्हणून ‘टायमिंग किती?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. ते वेगाबरोबर आणि इंजिनावरच्या भाराबरोबर सतत बदलतं.

सुरुवातीच्या मोटारींत हे काम चालकच करायचा. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्ड मॉडेल टीच्या स्टिअरिंगखाली डावीकडे ठिणगीचा दांडा असे आणि उजवीकडे पेट्रोलचा. हँडल मारून गाडी सुरू करताना दांडा मागे घ्यायचा राहिला तर ठिणगी फार लवकर पडे, इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मारणाऱ्याचं मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची (उघडझाप करणाऱ्या स्विचची) व्यवस्था १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली, आणि आपली पद्मिनी मूळ त्याच तत्त्वावर चालते. डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात स्प्रिंगला बांधलेली दोन वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणारा कॅम पुढे ढकलतात. काही गाड्यांत, उदाहरणार्थ अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये, याशिवाय व्हॅक्यूमवर चालणारा एक पडदा असतो. हलक्या पायाने गाडी चालवत असलो की तो आणखी अ‍ॅडव्हान्स देतो. चालकाच्या डाव्या हाताचं काम आता ही वजनं आणि हा पडदा करतात, आणि बिघडतातही तेच.

लक्षणांकडे येऊ. टायमिंग फार पुढे असेल, म्हणजे ठिणगी फार लवकर पडत असेल, तर गरम इंजिन सुरू करताना स्टार्टर अडखळतो, जणू बॅटरी उतरली आहे. चढावर टॉप गिअरमध्ये पाय दाबला की लोखंडी टिकटिक ऐकू येते. तिलाच नॉकिंग म्हणतात. ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं, आणि त्याचा हा आवाज. ही टिकटिक क्षणभर येऊन गेली तर हरकत नाही. ती सतत चालू ठेवली तर पिस्टनचा माथा आणि रिंगांच्या मधल्या कडा तुटतात.

टायमिंग मागे असेल तर लक्षणं मवाळ असतात, आणि म्हणूनच ती फसवतात. गाडी ओढत नाही, अ‍ॅव्हरेज पडतं, सायलेन्सर अतिशय तापतो, मधूनमधून त्यातून फटका ऐकू येतो. आणि गाडी उकळते. याचं कारण नीट समजून घ्या. ठिणगी उशिरा पडली की मिश्रण पिस्टन खाली जाताना आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतानासुद्धा जळतच असतं. जी उष्णता पिस्टनला ढकलण्यात खर्च व्हायची ती व्हॉल्व्ह, हेड आणि तिथून पाण्यात जाते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी रेडिएटरला दोष दिलेला असतो. कित्येकदा तो दोष रेडिएटरचा नसतो. माझ्या पाहण्यातल्या एका गाडीचा रेडिएटर बदलला, वॉटर पंप बदलला, थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी ती उकळत होती. ती गाडी बरीच वर्षं उभी होती आणि डिस्ट्रिब्यूटरमधली वजनं गंजून जागच्या जागी चिकटली होती. आयडलिंगला टायमिंग अचूक, आणि वेग वाढला तरी तेवढंच. म्हणजे घाटात ठिणगी वीस-पंचवीस अंश उशिरा पडत होती. वजनं साफ करून, तेलाचा थेंब देऊन मोकळी केल्यावर तीच गाडी घाट चढून गेली.

काही लक्षणं टायमिंगची वाटतात पण नसतात. चावी बंद केल्यावरही इंजिन धडधडत फिरत राहतं, याला लोक टायमिंगचा दोष समजतात. चावी बंद झाली की ठिणगीच पडत नाही, मग तिची वेळ चुकेल कशी? तिथे कार्बनचा तापलेला निखारा मिश्रण पेटवत असतो. आडून मात्र संबंध असू शकतो. टायमिंग मागे असेल तर इंजिन आयडलिंगला टिकवायला थ्रॉटलचा स्क्रू जास्त उघडावा लागतो, आणि त्या उघड्या वाटेने आत येणारं मिश्रण बंद इंजिनाला चालवत ठेवतं.

दुसरं मोठं सोंग पातळ मिश्रणाचं. मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं, हवा आत ओढली जाऊ लागली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. पातळ मिश्रण हळू जळतं. हळू जळालं की टायमिंग मागे असल्याची सगळी लक्षणं दिसतात. इंजिन तापतं, ओढ जाते, कार्बोरेटरमधून शिंक येते. इथे डिस्ट्रिब्यूटर पुढे फिरवला की बरं वाटतं, आणि पॅकिंग फुटलेलंच राहतं. ब्रेक घासत असतील, सायलेन्सर तुंबला असेल, तरी गाडी ओढत नाही. म्हणून क्लॅम्पला पाना लावण्याआधी गाडी सपाटीवर हाताने ढकलून पाहा. एवढी साधी तपासणी फार थोडे लोक करतात.

आता तपासणीचा क्रम. या क्रमाबद्दल मी आग्रही आहे. आधी टॅपेट, मग कॉम्प्रेशन, मग प्लग, मग पॉइंट, मग टायमिंग, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. पॉइंट टायमिंगच्या आधीच का? कारण पॉइंटमधलं अंतर बदललं की टायमिंग बदलतं. ठिणगी पॉइंट उघडण्याच्या क्षणी पडते. अंतर जास्त ठेवलं तर कॅम पॉइंट लवकर उघडतो, ठिणगी पुढे येते. कमी ठेवलं तर मागे जाते. पॉइंट मिटलेला राहण्याचा कोन एका अंशाने बदलला की क्रँकवर टायमिंगही साधारण एका अंशाने सरकतं. आता पॉइंटचा जो फायबरचा तुकडा कॅमवर घासत असतो त्याचा विचार करा. ३००० फेऱ्यांना तो मिनिटाला ६००० वेळा उचलला जातो. तो झिजतो, अंतर मिटत जातं आणि टायमिंग किलोमीटरमागून किलोमीटर हळूहळू मागे पडतं. चालकाला कळतही नाही, कारण रोज थोडंच बदलतं. हा जुन्या गाडीचा सर्वांत सामान्य दोष, आणि त्याचा इलाज डिस्ट्रिब्यूटर फिरवण्यात नाही. फिलर गेजने अंतर पुन्हा बसवायचं, आणि कॅमवर ग्रीसचं बोट लावायचं. ग्रीस चिमूटभरच, जास्त झालं तर पॉइंटवर उडतं.

अंतर बसवताना डिस्ट्रिब्यूटरची दांडी बाजूला हलवून पाहा. पॉइंटचं अंतर असतं अर्ध्या मिलिमीटरच्याही आतलं. दांडीचा बुश झिजून ती एक-दोन दशांश मिलिमीटर हलत असेल, तर प्रत्येक सिलिंडरला निराळं अंतर आणि निराळं टायमिंग मिळतं. अशा डिस्ट्रिब्यूटरवर कितीही काळजीने टायमिंग बसवा, ते चारपैकी एकाच सिलिंडरचं बसेल.

यानंतर खुणा. पुलीवर एक खाच असते, टायमिंग कव्हरवर खूण असते. आपण त्यांच्यावर विश्वास ठेवतो. पण पन्नास वर्षांच्या गाडीची पुली मूळचीच असेल याची काय खात्री? काही इंजिनांच्या पुलीत रबराचा थर असतो आणि रबर सुटलं की बाहेरची कडी खुणेसकट फिरते. म्हणून एकदा तरी टॉप स्वतः शोधून पाहावा. बॅटरीची तार काढा, चारही प्लग काढा, एक नंबरच्या प्लगच्या भोकात बोथट टोकाचा थांबा आटे फिरवून बसवा. इंजिन हाताने, सावकाश फिरवा. पिस्टन थांब्याला टेकला की पुलीवर खडूची रेघ मारा. आता उलट्या दिशेने फिरवा, पुन्हा टेकेल, तिथे दुसरी रेघ. दोन रेघांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टॉप. स्क्रूड्रायव्हर आत घालून अंदाजाने टॉप पाहतात त्यात चूक राहते, कारण टॉपजवळ क्रँक कित्येक अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही. अंशांच्या खुणाही घरीच करता येतात. पुलीचा व्यास १५० मिलिमीटर असेल तर परीघ होतो ४७१ मिलिमीटर, त्याला ३६० ने भागलं की एक अंश म्हणजे १.३ मिलिमीटर. दहा अंश म्हणजे तेरा. कागदाची पट्टी कापून चिकटवा, झालं.

तिथेच हात असताना आणखी एक गोष्ट. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून इंजिन हाताने थोडं पुढे फिरवा, थांबा, मग मागे फिरवा, आणि रोटरकडे पाहत राहा. क्रँक मागे फिरू लागल्यावर रोटर कधी हलतो? क्रँक आठ-दहा अंश फिरला तरी रोटर जागीच असेल, तर टायमिंग चेन लांबली आहे किंवा गिअर झिजले आहेत. चेन लांबली की कॅमशाफ्ट मागे पडतो, आणि त्याच्यावर चालणारा डिस्ट्रिब्यूटरही. डिस्ट्रिब्यूटर फिरवून ठिणगी जागेवर येईल, पण व्हॉल्व्ह उशिराच उघडत राहतील, आणि ती ओढ कुठल्याही क्लॅम्पने परत येणार नाही. मघाशी ‘टायमिंग करून दिलं’ म्हटलेल्या गाड्यांपैकी पुष्कळशा इथेच अडकलेल्या असतात.

बंद इंजिनावर टायमिंग बसवायला बारा व्होल्टचा बल्ब पुरतो. कॉइलकडून डिस्ट्रिब्यूटरला जाणाऱ्या तारेला एक टोक, दुसरं अर्थला. चावी चालू करा आणि इंजिन त्याच्या चालीच्याच दिशेने हळूहळू फिरवा. पॉइंट उघडताक्षणी बल्ब लागतो. खूण ओलांडून पुढे गेलात तर नुसतं मागे आणू नका. बरंच मागे जा आणि पुन्हा पुढे या, म्हणजे चेनचा ढिलेपणा एका बाजूला जातो. आणि काम नसताना चावी चालू ठेवू नका. पॉइंट मिटलेले असले की कॉइल तापत राहते.

पण बल्ब फक्त थांबलेल्या इंजिनाबद्दल सांगतो. चालत्या इंजिनाचं खरं स्ट्रोब दाखवतो. त्याची क्लिप एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावायची, व्हॅक्यूमची नळी असल्यास ती काढून तोंड बंद करायचं, आणि प्रकाश पुलीवर धरायचा. ठिणगीबरोबर दिवा लुकलुकतो आणि खूण जागच्या जागी थांबलेली दिसते. इथे मी सगळ्यांना कळकळीने सांगतो, त्या प्रकाशात फिरता पंखाही थांबल्यासारखा दिसू शकतो. हात, दुपट्टा, वायर, काहीही त्याच्या जवळ नेऊ नका.

आता हळूहळू वेग वाढवा. खूण सलगपणे पुढे सरकली तर वजनं ठीक. हललीच नाही तर ती चिकटली आहेत. अचानक उडी मारून पुढे गेली तर एखादी स्प्रिंग तुटली किंवा ताणली आहे. वेग कमी केल्यावर परत जागेवर आली नाही तर गंज. आयडलिंगला खूण थरथरत असेल तर बुश किंवा चेन. मग क्लिप काढून चार नंबरच्या वायरला लावा. एक आणि चार नंबरचे पिस्टन बरोबरच वर येतात, त्यामुळे खूण त्याच जागी दिसायला हवी. दोन जागी दिसली तर कॅम किंवा दांडी वाकडी आहे, झिजली आहे. काही मिनिटांत डिस्ट्रिब्यूटर न उघडता त्याच्या पोटातली सगळी हकिकत कळते. म्हणून स्ट्रोबला मी टायमिंग बसवण्याच्या साधनापेक्षा तपासणीचं साधन मानतो.

आता पेट्रोल. गाडीच्या पुस्तकातला आकडा ज्या पेट्रोलसाठी छापला ते आज मिळत नाही. तेव्हाच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा कमी होता आणि त्यात शिसं होतं. नॉकिंग थांबवण्याचा शिशाचा गुण केटरिंग यांच्याच प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये शोधला, आणि त्याची विषारी किंमत जगाने पुढे मोजली. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं. नंतर साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं झालं, आणि आता त्यात वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलने नॉकिंग आणखी कमी होतं. पण त्यात मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटच्या कार्बोरेटरमध्ये तेच मिश्रण पातळ पडतं. मघाशी सांगितलेलं पातळ मिश्रणाचं सोंग आता प्रत्येक जुन्या गाडीत थोडंफार असणार आहे. कान एवढंच सांगतो की नॉकिंग होत नाही. म्हणून डिस्ट्रिब्यूटर पुढे, आणखी पुढे फिरवत नेऊ नका. आधी जेट पाहा, रबरी नळ्या पाहा. सीएनजीची गोष्ट वेगळी. तो वायू हळू जळतो, त्याला जास्त अ‍ॅडव्हान्स लागतो. सीएनजीला जुळवलेली टॅक्सी पेट्रोलवर टाकली की चढावर टिकटिक करायची, ती याचमुळे.

शेवटचा निकाल रस्ता देतो. इंजिन पूर्ण गरम करा, सौम्य चढ शोधा, टॉप गिअरमध्ये ताशी चाळीसवर या आणि पाय पूर्ण दाबा. हलकी टिकटिक क्षणभर येऊन वेग घेताच विरली तर टायमिंग जागेवर आहे. टिकून राहिली तर दोन अंश मागे घ्या आणि पुन्हा जाऊन या. अजिबात आली नाही तर दोन अंश पुढे, पण पुस्तकातल्या आकड्यापासून फार दूर जावं लागत असेल तर थांबा. काही तरी तपासायचं राहून गेलं आहे. ही परीक्षा जिथे गाडी वापरायची तिथेच घ्या. महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरवर हवा विरळ असते, तिथे पुढे केलेलं टायमिंग पोलादपूरला उतरेपर्यंत वाजायला लागतं.

बरेच जण विचारतात, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवला तर? जरूर बसवा. फायबर झिजण्याचा, पॉइंट जळण्याचा प्रश्न संपतो, भर पावसात सुरू होणं सुधारतं. पण तो संच त्याच दांडीवर बसतो, त्याच बुशमध्ये फिरतो आणि त्याच वजनांवर अवलंबून राहतो. ढिल्या दांडीवर बसवलेला संच ढिलंच टायमिंग देईल. आधी बुश, मग संच.

इथे टेबलावर एक उघडलेला डिस्ट्रिब्यूटर ठेवला आहे. त्यातलं एक वजन मोकळं आहे, एक गंजून चिकटलेलं. प्रश्न विचारण्याआधी ज्यांना पाहायचं असेल त्यांनी पुढे यावं. दांडी बोटाने बाजूला ढकलून पाहा आणि पॉइंटमधलं अंतर किती बदलतं ते फिलर गेजने मोजा. गेज बाजूलाच आहे.